डॉक्टरांना ‘नाही’ म्हणाले
मनवेलपाडा, मंगळवार संध्याकाळ

इंजेक्शन उद्या सकाळी घ्यायचं होतं. फ्रिजमध्येच आहे.

परवा डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं होतं. जंतू शिरले की शरीरातलं एक प्रथिन पेशींना हाक मारतं. माझ्यात जंतू नसतानाही ते हाका मारत सुटलंय, म्हणून बोटांचे सांधे सुजतात. इंजेक्शन त्या प्रथिनालाच गप्प करतं. पण जुन्या टीबीला दाबून ठेवतं तेही हेच प्रथिन. "तपासण्या ठीक आहेत, तरी विचारतो. पूर्वी कधी टीबी झाला होता?"

शेजारी माझा नवरा संदीप बसला होता. मी नाही म्हणाले.

का म्हणाले? लग्नाआधी सहा महिने गोळ्या घेतल्या होत्या. आई म्हणाली होती, "सासरी बोलू नकोस." बारा वर्षं नाही बोलले. आणि तो आजार आत कुठेतरी झोपलेला असेल तर? मीच त्याला उठवणार?

आज फ्रिज तीनदा उघडून ते इंजेक्शन पाहिलं. संदीपने विचारलं, "काय शोधतेयस?" तेव्हा रडतच सगळं सांगून टाकलं.

त्याने डॉक्टरांना फोन लावून माझ्या हातात दिला. "तूच सांग."

"बरं झालं बोललात," डॉक्टर म्हणाले. "उद्या घेऊ नका. आधी पुन्हा तपासू."

फोननंतर संदीप माझ्याशी बोललेला नाही. भीती टीबीची जास्त की त्याच्या गप्प बसण्याची, कळत नाही. आत्ता त्याने चहा आणून ठेवला, दोन्ही हातांनी धरता येईल अशा मोठ्या पेल्यात.