बोकडाचं विशेषण

५ जानेवारी १९५८, मुलुंड
मुक्काम झकास! टुमदार बंगली, दारात पेरूचं झाड, वसुधाबाईंच्या हातची खमंग थालीपीठं. काम तर पोरकट सोपं. बाईंचे यजमान विद्याधरपंत, निवृत्त संस्कृत मास्तर. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांचा अपुरा निबंध मी पुरा करून द्यायचा. विषय काय, तर लुवियन भाषेतलं एक विशेषण! ती भाषा आशिया मायनरात केव्हाच मेली, आणि मास्तर मुलुंडात बसून जर्मन मासिकांवरून तिची व्युत्पत्ती लावतात. हसू आवरेना.

८ जानेवारी
निबंध वाचला. हे विशेषण आजार उतरवण्याच्या विधीत तीनदा येतं : एका उंदराला, एका बोकडाला आणि परगावाहून आलेल्या एका लेखनिकाला. मूळ शब्द ‘लोकर’, त्यात वाद नाही. मग अर्थ उघड आहे, केसाळ. पण मास्तरांनी अकलेचे तारे तोडलेत. म्हणे, रोग्याच्या अंगावरची लोकर ज्याला बांधली तो. म्हणजेच रोग्याचं दुखणं ज्याच्यावर उतरवलं तो. लेखनिक केसाळ कसा, असा त्यांचा बिनतोड सवाल. मी लाल शाईनं समासात लिहिलं, न्हावी मिळाला नसेल. पंतांना वाचूनही दाखवलं. ते अर्ध्या तोंडानं हसले.

१३ जानेवारी
इथं थंडी भलतीच. बाईंनी पंतांचा जुना स्वेटर उसवून मला मफलर विणून दिला. स्वतःच्या हातानं गळ्यात बांधला आणि बजावलं की काम संपेपर्यंत काढायचा नाही. बायकांची अडाणी माया, दुसरं काय!

१७ जानेवारी
उजव्या हाताला मुंग्या. पेन सारखं निसटतं. या भिकार निबंधापायी हात कामातून जायचा. पंतांनी मात्र आज उजव्या हातानं कप उचलला. बाई रडल्या. मी अभिनंदन केलं, तर नजर चुकवून आत गेल्या.

२० जानेवारी
डॉक्टर म्हणतो, शीण आहे. गाढव! मफलरची गाठ सुटत नाही. कात्री मागितली, तर बाई म्हणाल्या घरात कात्रीच नाही. काल ब्लाउज बेतत होत्या — मी पाहिलंय.
स्टेशनवर जायला निघालो. फाटकाशी उजवा पाय मुडपला. पंतांनी उचलून आणलं. चालत आले होते.

२२ जानेवारी
डाव्या हातानं लिहितोय. शेजाऱ्यांना हाक मारली — तोंडातून नुसती लाळ. स्वयंपाकघरातली विळी ओढली, पंतांनी शांतपणे काढून घेतली. मला भीती वाटते. लिहून टाकतो, भीती वाटते.

२३
पंत समोर बसून निबंध पुरा करताहेत. माझी लाल शाई खोडली. खणखणीत आवाजात म्हणाले, चौथं उदाहरण म्हणून तळटिपेत तुमचं नाव घालतो.
बाईंनी विचारलं, पुढं बोकडाचं काय करतात. पंतांनी वाचून दाखवलं — शिवेबाहेर नेऊन सोडतात, मागं वळून बघत नाहीत —

दारात टांगा. बाई वळकटी बांधताहेत — माझी —
मी बोकड नाही. मी एम. ए. आहे, पहिल्या वर्गा