पट्ट्यावरचा हात

४ नोव्हेंबर

आज रुजू झालो. तेलगावच्या फाट्यावर एसटीतून उतरलो तेव्हा एका हातात ट्रंक, काखेत वळकटी आणि रुबाब असा, की साखर कारखाना मीच विकत घेतलाय. फिल्टर विभागाचा सुपरवायझर! घाटनांदूरला आईने, आमचा प्रवीण साहेब झाला म्हणत, गल्लीभर पेढे वाटले. शेजारच्या काकूंनी विचारलं, फिल्टर म्हणजे पाण्याचं का? आई म्हणाली, हो, मोठं.

राहायला खोलीही झकास मिळाली. कारखान्यापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर केशरबाईंचं घर आहे. पुढच्या खोलीत त्या, मागच्या खोलीत मी. जय भीम केला तर त्यांनी आधी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि मग विचारलं, जेवलास का. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर ताक. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि बाजूला एका हसऱ्या माणसाचा हार घातलेला फोटो. कोण ते विचारायचं राहून गेलं. इतकं जेवल्यावर मला काही विचारता येत नाही.

१० नोव्हेंबर

गाळप सुरू झालं. माझं यंत्र मला आवडलं. रस निवळला की खाली बसलेला गाळ एका लांबलचक कापडी पट्ट्यावर पसरतो. खालून पंप ओढ घेतो, उरलासुरला रस निघून जातो आणि वर काळपट ओला थर राहतो. याला सगळे प्रेसमड म्हणतात. टोकाला एक पातं तो थर खरवडून पाडतं, ट्रॅक्टर तो खत म्हणून शेतांत नेतात, आणि पट्टा गरम पाण्याच्या फवाऱ्याखालून धुऊन परत येतो. कापडाला काही चिकटून राहिलं की भोकं बुजतात, रस वाया जातो, पट्टा एका बाजूला सरकतो. थोडक्यात, पट्ट्याला काही चिकटू द्यायचं नाही, हेच माझं काम.

एक गोष्ट मात्र डोक्यात गेली. पट्ट्याच्या कडेने लाल दोरी आहे. कुणाचं काही अडकलं तर ती ओढायची, पट्टा जागेवर थांबतो. ती दोरी लोखंडी खांबाला जुन्या फिल्टरच्या कापडाच्या चिंधीने गाठ मारून पक्की बांधलेली! ओढली तरी पट्टा थांबवणाऱ्या बटणापर्यंत ओढच जाणार नाही. फिटर राधाकिशनला विचारलं तर तो म्हणाला, इथं हंगामात बांधायचीच रीत हाय, कुनाचं कोपर लागलं की पट्टा थांबतो, मंग वरून बोलनी बसत्यात. म्हणून चालत्या पट्ट्यावर वाकून लांब दांड्याच्या खरपीने गाळ काढायचा. मी त्याच्यासमोर गाठ सोडली. पट्ट्यावरचा मदतनीस धुळाजी माझ्याकडे असा बघत राहिला, की मी त्याला काहीतरी बक्षीस दिलंय.

वरून बोलणारे म्हणजे विजयसिंह साहेब. उत्पादन मॅनेजर, चेअरमनचे पुतणे. खाली कधी येत नाहीत, जिन्यावरूनच हुकूम सोडतात. पांढऱ्या रुमालाने सारखे हात पुसतात, हाताला काहीही लागलेलं नसताना.

१८ नोव्हेंबर

फोटोतला माणूस बन्सी. केशरमावशींचा एकुलता मुलगा.

आज भाकरी थापता थापता त्यांनीच सांगितलं. मागच्या हंगामात तो माझ्याच पट्ट्यावर होता. भर दुपारी वाकून गाळ काढताना बाही रोलरमध्ये गेली. त्याने दोरी ओढली. धुळाजीने डोळ्यांनी बघितलं. पण दोरी बांधलेली होती. गाठ राधाकिशनची, हुकूम विजयसिंहांचा. पट्टा थांबला तेव्हा उशीर झाला होता. उजवा हात सापडलाच नाही. प्रेसमडबरोबर ट्रॅक्टरने कुणाच्या तरी शेतात गेला. आणि कारखान्याने वर लिहून दिलं, की बन्सी दारू पिऊन कामावर आला होता.

“माजा बन्सी कदी प्येला न्हाई, लेकरा. येवडं कुनी तरी म्हना. मला बाकी काय नको,” मावशी म्हणाल्या, आणि माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.

मला जेवण गेलं नाही. अंगाचा तिळपापड झाला. सकाळी थेट विजयसिंहांकडे जाणार.

१९ नोव्हेंबर

गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, रुमालाने बोटं पुसली आणि म्हणाले, नवा हायेस, काम बघ. मी म्हणालो, तो प्यायला नव्हता एवढं लिहून द्या. त्यांनी विचारलं, तू त्याचा कोन? मी म्हणालो, कुणी नाही. मंग कावून तडफडतोस बे, म्हणाले, आणि फोन घेतला.

जिन्यावरून उतरताना ठरवलं. याला मी सोडत नाही.

२४ नोव्हेंबर

साहेबांच्या हुकमाने राधाकिशनने दोरी पुन्हा बांधली. मी भांडलो, उपयोग झाला नाही.

दुपारी पट्ट्यावर एक डाग दिसला. तळहाताएवढा, दोरीच्या बाजूला. पातं वरून जातं, पण तो निघत नाही. फवाऱ्याचं पाणी वाढवलं, नोझल साफ केले, खरपीने खरवडला. फेरा मारून येतो तो तसाच. जवळून बघितलं तर त्याला पाच बोटं आहेत.

धुळाजी म्हणाला, साहेब, मी काय बघितलं न्हाई. आणि चहाला गेला.

२९ नोव्हेंबर

आता खात्री झाली. गाठ सोडली की पट्टा लख्ख निघतो. गाठ मारली की हात येतो. तीनतीनदा करून बघितलं. आणि दर वेळी तो थोडा जास्त येतो. आधी पंजा होता, मग मनगट आलं. आज पट्टाही त्याच बाजूला सरकतोय, दोरीच्या बाजूला. त्याला दोरी हवी आहे.

भीती वाटायला हवी होती. मला बरं वाटलं. वाटलं, ये बाबा बन्सी, मी आहे.

६ डिसेंबर

राधाकिशनच्या बोटांना गाळ चिकटलाय तो निघत नाही. रॉकेल झालं, कपड्याचा साबण झाला, तारेचा ब्रश झाला. पोरं म्हणतात, मेंदी काढलीस का? मीही हसलो. पण परवा घाबरून त्याने गाठ सोडली, तेव्हा गाळ आपोआप गळून पडला, हे धुळाजीने बघितलं. जिन्यावरून शिव्या आल्या. त्याने गाठ परत मारली. आज गाळ मनगटापर्यंत चढलाय.

मी त्याला सांगू शकलो असतो की सोड, नोकरी गेली तर गेली. सांगितलं नाही.

११ डिसेंबर

राधाकिशनचा उजवा हात गेला. पट्ट्यापासून चांगला लांब उभा होता. धुळाजी म्हणतो, त्याचाच हात त्याला पट्ट्याकडे ओढत घेऊन गेला. जीव वाचला. माजलगावला दवाखान्यात आहे.

कारखान्याने लिहिलं, निष्काळजीपणा.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. घरी येऊन मावशींना पट्ट्यावरच्या हाताचं, गाळाचं सगळं सांगितलं, आणि म्हणालो, एकाचं देणं फिटलं. मावशींनी चूल पेटवली नाही. बुद्धांपुढे मेणबत्ती लावून बसून राहिल्या. मग म्हणाल्या: “त्यो आता मानूस वळखत न्हाई, परवीन. हुकूम कुनी दिला ते बी त्याला ठावं न्हाई. त्याला निसती गाठ कळती. गाठ मारनारा हात कळतो.”

म्हणजे विजयसिंह सुटला. तो स्वतः गाठ कधी मारणारच नाही. त्याचे हात स्वच्छ आहेत ना!

३ जानेवारी

दोरी मोकळी आहे. कुणी बांधायला धजत नाही. पट्टा स्वच्छ, मधूनमधून थांबतो, जिन्यावरून बोलणी बसतात. विजयसिंह आता जिन्याच्या सगळ्यात वरच्याच पायरीवर थांबतो. पट्ट्याकडे बघतसुद्धा नाही. त्यालाही माहीत आहे.

आज चेअरमनच्या सहीची नोटीस लागली. सव्वीस जानेवारीला बक्षीस. ज्या विभागाचं यंत्र पाच तारखेपासून तोवर एकदाही थांबणार नाही, त्याच्या सुपरवायझरचा सत्कार. मॅनेजर स्वतः त्या यंत्राजवळ येऊन हात मिळवणार, पेपरवाला फोटो काढणार.

यंत्राजवळ येऊन.

मी दिवसभर शीळ घालत होतो.

५ जानेवारी

गाठ मी मारली. माझ्या हाताने, जुन्या कापडाची चिंधी घेऊन, पक्की. आता पट्टा थांबणार नाही, बक्षीस मलाच. विजयसिंह पट्ट्याजवळ येईल, आणि बन्सी त्याला बघेल. मला भीती नाही. बन्सीला कळणारच, मी कुणाच्या बाजूचा आहे ते. त्याच्या आईच्या हातचं जेवतो मी.

मावशींना सांगितलेलं नाही.

९ जानेवारी

हात कोपरापर्यंत दिसतो. धुळाजीला मी पट्ट्यापासून लांब बसवलंय. खरवडायचं काम मीच करतो.

करंगळीला गाळ लागलाय. रात्री धुतला तर निघाला नाही. उद्या निघेल.

१२ जानेवारी

निघत नाही.

रॉकेल. गरम पाणी. ब्लेडने खरवडलं, कातडी निघाली, गाळ तसाच. सुकून आवळतो. कुणीतरी मुठीत बोटं धरून ठेवल्यासारखा.

बन्सी, अरे मी आहे. मी!

१६ जानेवारी

मावशींनी बघितलं. जेवताना डावा हात वापरत होतो. ताट तसंच टाकून त्यांनी माझं मनगट धरलं. कितीतरी वेळ रडल्या. म्हणाल्या, गाठ सोड. आत्ताच्या आत्ता जा आन् सोड, गाळ सुटंल. मी सूड मागितला न्हवता रे, मी निसतं एक वाक्य मागितलं व्हतं.

त्या म्हणतात ते खरं आहे. गाठ सोडली की हात वाचेल. पण पट्टा थांबेल, बक्षीस जाईल, आणि तो रुमाल घेऊन जिन्यावर उभा राहील. जन्मभर.

नाही सोडणार.

२० जानेवारी

मनगटाच्या वर आलाय. बाही खाली ओढून ठेवतो. लिहायला डावा हात. अक्षर बघा —

पट्ट्याजवळ गेलो की उजवा हात आपोआप पुढे होतो. दोन्ही पाय रोवून उभं राहावं लागतं.

पट्ट्यावर आता खांदा आहे. गळ्याचा थोडा भाग. चेहरा नको यायला.

२३ जानेवारी

सुचलं. त्याला हुकूम कळत नाही, माणूस कळत नाही, फक्त गाठ मारणारा हात कळतो. ठीक आहे. हा हात तो ओढणारच. पण ओढेल तेव्हा या हातात दुसऱ्याचा हात असेल. हा गाळ चिकटला की सुटत नाही, मला माहीत आहे. रुमालाने पुसून तर नाहीच नाही.

मावशी, मला माफ करा.

२५ जानेवारी

झोप नाही. हात गार पडलाय. माझा वाटत नाही.

भीती वाटते. लिहून ठेवतो, भीती वाटते. आईची आठवण —

२६ जानेवारी, सकाळी

झेंडावंदन झालं. पट्ट्यालगतच्या माझ्या केबिनमध्ये बसलोय. काचेतून पट्टा दिसतो. चेहरा आलाय. डोळे नाहीत, तरी माझ्याकडेच —

गेटवर मावशी आल्यात. वॉचमन आत सोडत नाही. त्या तिथूनच ओरडतायत. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही. खिडकीतून हातवारे दिसतात, त्यावरून कळतं. सोड म्हणतायत. गाठ सोड.

सोडू का?

गेलो होतो. डाव्या हाताने गाठ सुटत नाही. मीच मारलेली, ओली होऊन आवळलीय. उजवा हात मदत करत नाही. उजवा हात पट्ट्याकडे — कसाबसा परत आलो. धुळाजीला बाहेर पाठवलं. बाकी कुणी नको.

जिन्यावर बूट वाजतायत. खालच्या पायऱ्यांवर. पहिल्यांदाच.

पेपरवाला मागे राहिला, कॅमेऱ्याचं काहीतरी करतोय. एकटे येतायत. पांढरे कपडे. रुमाल खिशात ठेवला.

विचारलं मी. दारातच. बन्सी प्यायला होता का? हसले. म्हणाले, ते सोड बे, न्हवता प्येला, मंग काय? आज तुजा दिवस हाय.

मावशी, म्हणाले. ऐकलंत का. म्हणाले ते. धुळाजी उघड्या खिडकीबाहेरच उभा आहे, त्यानेही ऐकलं. एवढंच हवं होतं ना तुम्हाला. मग आता नको. आता साहेब, मागे व्हा, हात नका —

हात पुढे केलाय. स्वच्छ आहे. मी माझा मागे घेतोय, पण तो