सिस्टर क्लोटिल्डच्या मसाल्याची लपवालपवी

९ सप्टेंबर
लायब्ररीत गस टोलेफसन आम्हा निवृत्तांना जावास्क्रिप्ट शिकवतो. वर्गात मीच पुढे. चर्चच्या जेवणासाठी ॲपल पायचा ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचा डबा, केला. पीठ, लोणी, सफरचंदं, मसाला; प्रत्येक वस्तू एक प्रॉपर्टी. लूप फिरवला आणि सगळी यादी स्क्रीनवर. मसाल्याची मापंसुद्धा! शेजारी लॉरेन, माझी कॉन्व्हेंटची वर्गमैत्रीण, मान लांब करून बघत होती. पटकन स्क्रीन बंद केला.

ती मापं कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर क्लोटिल्डनी कार्डावर लिहून मला, फक्त मला दिली. त्यांच्या झग्याला स्टार्चचा आणि जायफळाचा वास यायचा. डोळे मिटले की अजून येतो.

१६ सप्टेंबर
सापडलं! प्रॉपर्टीला ‘एन्यूमरेबल फॉल्स’ करायचं. मग ती असते, पण यादीत येत नाही. नाव घेऊन विचारलं तरच उत्तर देते. अगदी कॉन्व्हेंटची मुलगी. गस म्हणाला, “व्हर्नाबाई, हा पडदा आहे, कुलूप नाही.” गसला काव्य कळत नाही.

१७ सप्टेंबर
मसाल्याची गुप्त ओळ प्रोग्रॅममध्ये ठेवली तर लॉरेन वाचणार. म्हणून तिथून पुसून थेट चालू पानात टाइप केली आणि अख्खा ऑब्जेक्ट जेसन फाईलमध्ये सेव्ह केला. आता सिस्टरांचं निळ्या शाईतलं कार्डच धोक्याचं. प्रार्थना म्हणून स्टोव्हवर जाळलं. रडले. पण निर्धास्त.

२३ सप्टेंबर, सकाळी
फाईल उघडली. यादीत मसाला नाही. नाव घेऊन विचारलं. ‘अनडिफाइन्ड’, असं काही नाहीच म्हणे. काय लपलाय गुलाम!

दुपारी
गस म्हणाला, “लपला नाही, गेला. जेसन यादीतल्याच प्रॉपर्टी उचलतं. कागदावर आहे ना?” मी हवेचा विषय काढला.

काळजी नाही. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे.

२७ सप्टेंबर
उद्या चर्चचं जेवण. दालचिनी नक्की. लवंग चिमूटभर की चमचाभर? चमचाभर. सिस्टर उदार होत्या.

२८ सप्टेंबर
माझ्या पायच्या पहिल्याच घासाला फादर डोनोव्हनांची जीभ बधिर झाली. प्रवचन आटोपतं घेतलं.

लॉरेनला सगळं सांगितलं. ती हसत सुटली. म्हणाली, “अगं वेडे, ते कार्ड सिस्टरनी वर्गातल्या एकतीसही जणींना दिलं होतं. प्रत्येकीला बजावलं होतं, फक्त तुलाच देतेय म्हणून. तू एवढी मिरवायचीस, कोण कशाला बोलेल?”

तिनं मापं लिहून दिली. लवंग, दोन दाणे.