दुर्बीणवाले पणजोबा

३ जानेवारी
कुरियरची नोकरी सोडली. पार्सलं जगभर हिंडणार आणि मी गोडाऊनमध्ये उभा राहून त्यांना स्टिकर लावणार, हा कुठला न्याय? बाबा म्हणाले, बरं झालं, आता दुकानातल्या स्टुलावर बस. (दुकान फोटो-फ्रेमचं. खाली दुकान, वर आम्ही.) म्हटलं, बसणं माझ्या रक्तातच नाही. मग रक्तात काय आहे, ते म्हणाले. म्हटलं, शोधून सांगतो.

पैज लागली. महिनाअखेर घराण्यात एक तरी फिरस्ता सापडला तर मी मोकळा, वाट फुटेल तिकडे जाईन. नाहीतर जन्मभर स्टूल. आई साक्षीदार. बाबा एका फटक्यात कबूल झाले. भोळा माणूस. वाईट वाटलं.

संकल्प: रोज संशोधन. रोज डायरी.

४ जानेवारी
संशोधन जवळपास संपलं!

वरच्या खोलीच्या भिंतीवर जुने फोटो आहेत, जन्मापासून बघतोय. मधोमध एक गृहस्थ. झुपकेदार मिशा, डोक्यावर हॅट, गळ्यात दुर्बीण, एक हात पृथ्वीच्या गोलावर. जणू आत्ताच फिरून आले आणि ती जागच्या जागी आहे ना, बघताहेत. फोटो काढून धावत खाली. बाबा फ्रेम ठोकत होते. ठोकताना ते बारीक खिळे ओठांत धरतात. विचारलं, हे पणजोबा ना? ते म्हणाले, हं. तसाच वर पळालो.

नोंद: वडिलांचा दुजोरा मिळाला.

९ जानेवारी
मधले दिवस तयारीत गेले. (शेजाऱ्याने मोटारसायकल दुरुस्तीला उघडली होती, ती बघण्यात.) आज आत्याची मुलाखत. दुर्बीणवाल्यांबद्दल तिला काही आठवेना. तिचा सगळा जीव शेजारच्या फोटोतल्या कुत्रेवाल्या पणजीवर. लहानपणी प्रत्येक परीक्षेला ती पणजीला सांगून निघायची. म्हटलं, मग मार्क कसे पडायचे? आत्या म्हणाली, चहा घे.

मिशा ठेवायला सुरुवात.

१३ जानेवारी
रक्ताची ओढ तपासायला बसडेपोत जाऊन बसलो. ओढ प्रचंड! समोर आली त्या बसमध्ये ओढला गेलो. झोप लागली. शेवटच्या स्टॉपवर कंडक्टरने उठवलं. पणजोबाही असेच नवनवे प्रदेश शोधत असणार.

मिशा डावीकडे येताहेत. उजवी बाजू आईवर गेली असावी.

१८ जानेवारी
धमाका! पणजोबांचा फोटो इंटरनेटवर टाकला होता, यांना कोणी ओळखतं का म्हणून. एका रिटायर्ड नर्सबाईंचा फोन. हा फोटो तुमच्याकडे कसा, म्हणाल्या. हे त्यांचे वडील!

म्हणजे घराण्याची हरवलेली शाखा! पणजोबांनी जाता-येता दुसरा संसारही थाटला होता तर. प्रवासात होतं असं. मी मोठ्या मनाने माफ केलं. आजी म्हणून हाक मारली आणि रविवारी बोलावलं. त्यांनी पत्ता विचारून फोनच ठेवला. आनंदाने असणार.

खाली जाऊन बाबांना सांगितलं. तोंडात खिळे. हं हं हं, तीनदा! ऐकायला थांबलो नाही, वंशवृक्षाला सोनेरी रंग आणायचा होता.

२४ जानेवारी, सकाळ
वंशवृक्ष तयार. वर पणजोबा, खाली मी. मधल्यांना जागा कमी पडली. बॅग भरून दाराशी ठेवली आहे.

२४ जानेवारी, संध्याकाळ
थोडक्यात लिहितो.

नर्सबाई आल्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मला ओलांडून बाबांना विचारलं, झाला का हो फोटो?

त्यांच्या आईने तो आमच्या आजोबांकडे फ्रेमला टाकला होता. मग ते लोक गाव सोडून गेले, न्यायचा राहिला. बाबांनी ओठांतले खिळे एकेक करून काढले आणि म्हणाले, फ्रेम तयार आहे, जरा उशीर झाला.

मग मला सांगितलं. न नेलेलं काम टाकायचं नाही, खाली ओल येते म्हणून वर टांगायचं, ही दुकानाची रीत. अख्खी भिंत गिऱ्हाइकांची आहे. हेच ते केव्हाचे सांगणार होते. पण त्यांनी खिळे काढेपर्यंत मी थांबलो तर ना.

हरवलेली शाखा बघायला आत्याही आली होती. कुत्रेवालीसुद्धा का, म्हणाली. बाबा म्हणाले, कुत्र्यासकट.

आई हसता हसता पदराने डोळे पुसत होती. ही साक्षीदार!

निदान ते गृहस्थ तरी किती फिरले, म्हणून नर्सबाईंना विचारलं. हॅट, दुर्बीण, गोल, सगळं स्टुडिओवाल्याचं, म्हणाल्या. वडील बँकेत कॅशियर. बस लागायची म्हणून चालतच जायचे.

शेवटी विचारलं, मग आपले पणजोबा कुठायत? बाबांनी स्टुलाकडे बोट दाखवलं. त्यांचा फोटो नाही. फोटो काढायला जायचं तर दुकानात कोण बसणार, म्हणायचे म्हणे.

२५ जानेवारी
मिशा काढल्या. बॅगही रिकामी केली, फक्त धुळीपासून जपायला.

स्टुलावर बसलो. आठवड्यापुरताच. पिढ्यान्‌पिढ्या बसून बसून स्टुलाला मधे खळगा पडला आहे. बाबांना तो एका बाजूने टोचतो, खाली उशी घेतात. मला मात्र मापाने शिवल्यासारखा बसला. एवढा पक्का पुरावा अख्ख्या महिन्यात मिळाला नव्हता. कोणाला सांगितलं नाही.

दुपारी एक बाई नवऱ्याचा फोटो टाकून गेल्या. जाताना विचारलं, उद्या नक्की मिळेल ना?

तोंडात खिळे होते.

म्हटलं, हं.