डोक्यावरचं न्हाणीघर

बोळिंज, विरार (पश्चिम)
मे महिन्यातला रविवार, जेवणानंतर

प्रिय बेसिल,

तुला आणि ज्युलीला मोठ्या बहिणीचा आशीर्वाद. देवकृपेने मी ठणठणीत आहे, रक्तदाब सोडला तर (तो का चढला होता ते पुढे येईलच). तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं होतं. आंब्यावर चढू नका हे त्यांनी वेगळं सांगायला हवं होतं का? ज्युलीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, की अजून ती तांदळातले खडे अंदाजानेच निवडते आहे? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागद मध्ये बोलत नाही.

तुझ्या शॉनसाठी फ्लॅट बघतोयस हे ऐकून आनंद झाला. चंदनसारला तीन पाहिलेस आणि तिन्ही ‘एकदम मस्त’ आहेत म्हणे. बेसिल, तू वाडीत वाढलेला माणूस. कलम विकत घेताना पान उलटं करून मागून बघतोस, आणि फ्लॅट घ्यायला गेलास तो फरशीची चमक बघून परत आलास. फ्लॅट मान वर करून बघायचा असतो. छताचे कोपरे बघ. सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकच कोपरा ताजा रंगवलेला असेल, तर तिथे काय झाकलंय ते विचार. दलालाने आत शिरताक्षणी पंखा लावला, तर तो तुला घाम आलाय म्हणून नाही, ओल्या भिंतीचा वास जावा म्हणून लावलाय. (आमच्या वेळच्या दलालाने मला खिडकी उघडून अर्नाळ्याचा वारा दाखवला होता. वारा खरोखर अर्नाळ्याचाच होता, सुकत घातलेल्या बोंबलांसकट आला.) आणि बघायला जायचं ते सकाळी, अख्खी इमारत आंघोळी करत असते तेव्हा. दुपारी सगळीच घरं कोरडी असतात आणि सगळेच शेजारी सज्जन असतात.

हे शहाणपण मला वरून मिळालं. म्हणजे माझ्या बरोबर वरच्या मजल्यावरून. तिथे चंद्रहासराव राहतात, बायको जयवंती आणि कॉलेजात जाणारी मुलगी पिंकी यांच्यासह. हे गृहस्थ आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीही आहेत, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध तक्रार करायची तर ती त्यांच्याकडेच करावी लागते. गेल्या पावसाळ्यात माझ्या हॉलच्या छताला एक पिवळा डाग आला. मग पोपडे धरले. मग ठिपकायला लागलं, आणि तेही नेमकं प्रार्थनेच्या आल्तारासमोर, व्हिन्सेंट गेल्यापासून रिकाम्या असलेल्या त्याच्या खुर्चीवर. माझ्या न्हाणीघरावर त्यांचं न्हाणीघर आहे, हॉलवर नाही, पण पाणी काही सरळमार्गी नसतं. ते स्लॅबमधून हवं तिथे फिरतं आणि म्हातारी एकटी राहते ते घर बघून उतरतं.

चंद्रहासराव पाहणीला आले. नेहमी दुपारी तीनला यायचे, कावळासुद्धा आंघोळ करत नाही त्या वेळी. छत कोरडं. पहिल्यांदा म्हणाले, पावसाचं पाणी मुरलंय, आपोआप सुकेल. पाऊस गेला, दिवाळी गेली, नाताळचा गोठा मला स्वयंपाकघरात मांडावा लागला, तेव्हा म्हणाले, तुमच्या एसीचं पाणी असेल. माझ्याकडे एसी नाही हे मी त्यांना हाताला धरून खोल्याखोल्यांतून दाखवलं. मग ते खुर्चीवर बसले, विचार केला, आणि म्हणाले, ‘मॅडम, तुमच्याकडे रोज माशाचं कालवण असतं. त्याची वाफ छताला बसते हो.’ बेसिल, हा माणूस मालवणचा. त्यांच्या घरी बांगडा तळतात की सुरमई ते मी खाली बसून वासावरून सांगते. पण आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं की राग आला तरी आवाज चढवायचा नाही, तो पुढच्या वेळेसाठी जपून ठेवायचा. मी त्यांना चहा दिला. साखर घातली नाही.

एवढं होऊनही मी निभावून नेलं असतं, पण कॅल्विनने कुवेतहून व्हिडिओ कॉल केला आणि त्याला माझ्या डोक्यामागचा डाग दिसला. तुझा भाचा आईशी बोलताना फार समजूतदार आवाज काढतो. म्हणाला, ममा, विकून टाक. पुण्याकडे ज्येष्ठांसाठी छान वसाहती आहेत, तिथे योगाचे वर्ग असतात. मे महिन्यात मी येतोय, तेव्हाही छत ओलं असेल तर दलालाला बोलावूनच टाकू. हे घर व्हिन्सेंटने आणि मी नोकऱ्या करून, ओव्हरटाइम करून घेतलं. दारावरचा क्रूस त्याने स्वतः ठोकला आहे, जरा वाकडा. तो क्रूस आणि ते दार मी कोणाला विकणार नव्हते, आणि योग तर मुळीच करणार नव्हते.

आता ऐक. ईस्टरनंतर फादर जेसन आमच्या भागातल्या घरांना आशीर्वाद द्यायला येतात. यंदा मी फादरांना मुद्दाम रविवारी सकाळी अकराची वेळ मागितली, आणि इमारतीतल्या आपल्या लोकांबरोबर चंद्रहासरावांनाही सपत्नीक बोलावलं. बेत इतकाच होता की या माणसाने एकदा तरी पाणी वाहतं त्या वेळी माझ्या छताखाली उभं राहावं. पुढचं सगळं देवाने केलं.

दोघं आले. जयवंती ठेवणीतल्या साडीत, मोगऱ्याचा गजरा घेऊन (बाई खरंच चांगली आहे, कोणाशी लग्न झालं हा तिचा दोष नाही). फादरांनी प्रार्थना म्हटली, सगळ्या खोल्यांतून पवित्र पाणी शिंपडलं, हॉलमध्ये परत आले, बाटलीचं झाकण लावलं. आणि शिंपडणं चालूच राहिलं. तळमजल्यावरची मर्लिन व्हिन्सेंटच्या खुर्चीशेजारी उभी होती. तिच्या खांद्यावर थेंब पडला, तिने क्रूसाची खूण केली. दुसरा पडला, तिने पुन्हा केली. तिसऱ्याला तिच्या नवऱ्यानेही केली. फादर हातातल्या बाटलीकडे बघताहेत, मी छताकडे बघतेय, आणि चंद्रहासराव, मोठ्या भक्तिभावाने, चपला आधीच दाराबाहेर काढलेल्या, पुढे सरकले. उजवा तळहात खोलगट केला, डावा हात खाली धरला, दोन-तीन थेंब झेलले, डोळे मिटून प्यायले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. देवळात तीर्थ घेतात तसं. त्या क्षणापुरता मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, हेही लिहून ठेवते.

तेवढ्यात जयवंती भरल्या घरात म्हणाली, ‘अहो, थुंका आधी ते. वर पिंकी आंघोळ करतेय.’

छत ठिपकतच होतं. बिचारीच्या तोंडून निघून गेलं आणि मग लपवता येईना. न्हाणीघरातल्या जाळीखालचा पाइप गेल्या वर्षीच फुटलाय, मी सांगून थकले, हे म्हणतात फरशी फोडायला लागेल, खालच्या बाईंना काही तरी सांगू. हे सगळं तिने फादरांसमोर सांगितलं. धर्मगुरूपुढे कबुली म्हणजे आमच्यात पक्की असते. फादर सभ्य माणूस, ते वळून आल्तारावरची फुलं नीट करायला लागले. मी आवाज चढवला नाही. हळूच विचारलं, ‘चंद्रहासराव, कालवणाची चव लागली का?’

मर्लिनने ती गोष्ट संध्याकाळच्या मिस्सेआधी सगळ्या चर्चच्या आवारात पोचवली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबर त्यांच्या दारात होता आणि मी त्यांच्या न्हाणीघरात प्लास्टिकच्या स्टुलावर. शॉनसाठी हे लक्षात ठेव: वॉटरप्रूफिंग झालं म्हणजे लगेच टाइल्स बसवू द्यायच्या नाहीत. जाळीला बोळा मारून न्हाणीघरात पाणी साठवायचं, दिवसभर तसंच ठेवायचं, आणि खालच्या घरात कोणी तरी छताकडे बघत बसायचं. चंद्रहासरावांना मी हे बसण्याचं काम दिलं. व्हिन्सेंटच्या खुर्चीवर नाही, वेताच्या मोढ्यावर. एक थेंब आला नाही.

गेल्या आठवड्यात कॅल्विन आला. बॅग ठेवायच्या आधी स्टुलावर चढला, छताला तळहात लावला, नवा रंग नखाने खरवडून पाहिला. मग उतरला आणि म्हणाला, जेवायला काय आहे? कालवण होतं. पुण्याचं नाव त्याने काढलं नाही. काल तो परत गेला.

असो. ज्युलीला सांभाळ आणि झाडावर चढू नकोस.

तुझी बहीण,
क्लारा

ता. क. चंदनसारच्या तिन्ही फ्लॅटना नकार कळव. चंद्रहासराव घर विकताहेत. लिफ्टमध्ये मुलंसुद्धा त्यांना ‘काका, तीर्थ?’ विचारतात, ते त्यांना सोसत नाही. जयवंती जाणार याचं मला वाईट वाटतं, पण शॉनने तोच फ्लॅट घ्यावा. माझ्या डोक्यावर माझ्या रक्ताचं माणूस आंघोळ करत असेल तर मी निवांत झोपेन.

ता. क. २. बघायला याल तेव्हा माझ्याकडे डोकावू नका आणि नात्याचं बोलू नका. खालच्या बाईंच्या नातेवाइकाला दाखवायचं नाही, अशी त्यांनी दलालाला ताकीद दिली आहे.

ता. क. ३. न्हाणीघर तपासायची गरज नाही, ते माझ्या देखरेखीखाली झालंय. त्यांच्या स्वयंपाकघरातलं सिंक मात्र नीट बघा, आणि लवकर या. कालपासून माझ्या ओट्यावर काही तरी ठिपकतंय. कॅल्विनला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.