भावोजींची आयती तलवार

बसवनगुडी, रविवार संध्याकाळ, १९६४

राग अजून जात नाही. अण्णानं रचलेला फाशांचा खेळ आम्ही भावंडं दोन वर्षं खेळतोय. तो गोष्ट सांगतो, आम्ही त्यातले वीर होतो. जादूची अंगठी मिळवताना माझ्या वीरांगनेचा एक डोळा गेला. आज अक्काचे यजमान पहिल्यांदाच खेळायला बसले, आणि अण्णानं त्यांना थेट आमच्या पायरीवर घेऊन अग्नितलवार दिली. आयती.

"कशाबद्दल?" मी विचारलं.

"तुमच्या बरोबरीनं लढायचं तर हातात काही नको? स्वल्प समजून घे."

काय समजून घेऊ? आयती ती आयतीच.

पुढे राक्षसानं भावोजींना गुहेत कोंडलं. दार फक्त माझ्या अंगठीनं उघडणार होतं. अण्णा म्हणाला, "उघड." मी नाही म्हटलं. भावोजी मेले, तलवारीसकट.

अक्का कॉफी न घेताच नवऱ्याला घेऊन निघून गेली. अण्णा म्हणतो, माफी माग. वहिनी कप विसळत होती. गेल्या वर्षी लग्न होऊन आली आणि खेळात बसली, तेव्हाही आम्ही सगळे बरेच पुढे होतो. तिला अण्णानं काठी दिली होती.