वाकता येतं म्हणून धडधाकट

गोंदिया, ज्येष्ठ वद्य चतुर्थी, सन १९३८

तीर्थस्वरूप पुनारामभाऊंना धाकट्या बहिणीचा, धुरपताचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं ठेवायला वाकावं लागतं आणि ते मला झकास जमतं. त्यातच घात झाला, पुढे वाचा.) वहिनींचा दमा कसा आहे? तलावाची पाळ पावसाआधी होणार, की तुमचे पंच अजून विडीच ओढून राहिले? इकडे सगळे ठीक, मी सोडून.

माघात धानाच्या गिरणीत डोक्यावर टोपली घेऊन मी फळीवरून घसरली आणि पाठीवर पडली, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हापासून सरळ उभी राहिली की कमरेखाली आधी मुंग्या, मग आग, मग काहीच नाही. परवा पायात बाभळीचा काटा मोडला, तो घरच्यांना रक्ताच्या ठशांवरून समजला, मला नाही. विहिरीपर्यंत जाताना तीनदा बसते. पण वाकली की पाय परत येतात. भाजीवाल्या बिसरामची हातगाडी ढकलत मी बाजारापर्यंत न बसता जाते. तुम्ही तलावाचे माणूस, तुम्हाला समजेल. माझ्या कण्यातला पाट बुजला आहे. सरळ झालं की पाणी अडतं, वाकलं की थोडं सुटतं. हे मी ज्याला त्याला सांगून पाहिलं. सगळे हातगाडीकडे बोट दाखवतात.

गिरणीत जायबंदी झालेल्याला मालकाने भरपाई द्यावी असा सरकारचा कायदा आहे म्हणे. म्हणून मालकाने आपला डॉक्टर आणला. तो खुर्चीतून उठलाही नाही, बसल्या बसल्या म्हणाला, वाकून दाखव. भाऊ, नवव्या वर्षापासून चिखलात वाकून धानाचं रोवणं केलेली मी, माझ्यापुढे धानाच्या बांधीत कोणी गेली नाही. मला वाटलं, परीक्षा आहे. दोन्ही तळवे जमिनीला टेकवले आणि तशीच राहिली, कारण चार दिवसांत पहिल्यांदा बरं वाटून राहिलं होतं. डॉक्टरने लिहून टाकलं, धडधाकट. गिरणीचा मुनीम मुन्नालाल हसून म्हणाला, "बाई तो हमसे भी तंदुरुस्त है." मी खालूनच सांगितलं की वाकायचं दुखणं नाही, उभं राहायचं आहे. तोवर डॉक्टरने पेनाचं टोपण लावलं होतं.

घरी आल्यावर आमचे घरधनी, तुमचे जावई बकारामजी म्हणाले, "वाकता येते तुले, त मंग चालाले का होते?" पंचवीस वर्षांत त्यांनी माझ्या तब्येतीचं काही विचारलं ते हेच, म्हणून मी नीट उत्तर दिलं. ते पुरं व्हायच्या आत घोरू लागले.

आता अमावास्येनंतर टोपली उचलायची, नाही तर गिरणीतलं नाव कटलं. टोपली उचलली तर मी पुन्हा फळीवरून जाईन, आणि या खेपेला उठणार नाही. म्हणून अर्ज लिहवला. येत्या बुधवारी भंडाऱ्याच्या कचेरीत सरकारचे मोठे डॉक्टरसाहेब तपासणार आहेत, आणि ते शेवटचं. या वेळी हुकूम झाला तरी वाकणार नाही. सरळ उभी राहीन. पाय गेले की पडेन. साहेबाला डोळे असले तर दिसेल.

तुमच्याकडून काही नको. उगीच गाडीभाडं घालून येऊ नका. लहानांना आशीर्वाद, वहिनींना दम खाऊन काम करायला सांगा.
तुमची धुरपता

ता. क. काळजी करू नका. हे पत्र कागद जात्यावर ठेवून, ओणवी होऊन लिहिलं. तेवढा वेळ सुखात गेला.

आणखी ता. क. काही नको लिहिलं ते खोटं. आईची काठी पाठवा. टांग्यापासून कचेरीच्या दारापर्यंत जायला पाहिजे. इथल्या काठ्या लांब, त्या धरल्या की मी सरळ होते. आईची आखूड होती. शेवटी शेवटी आई दर दहा पावलांवर बसायची आणि आपण दोघं म्हणायचो, म्हातारी कामचुकार झाली. (मी जास्त म्हणायची.) आत जाताना काठी दाराबाहेर ठेवीन. ती चुलीत गेली असेल तर तसं कळवू नका. बांबूची दुसरी तोडून पाठवा. उंची तुम्हाला आठवत असेल.